कार्डावरचा कापडी बिल्ला
नोकरीनिमित्त न्यू जर्सीत स्थायिक झालो आणि बेसबॉलची कार्डे जमवण्याचा नाद लागला. १९९७ साली 'अप्पर डेक'ने खेळाडूंनी प्रत्यक्ष घातलेल्या जर्सींचे तुकडे कार्डांत बसवले. पुढे 'टॉप्स'ने खास कार्डांसाठीच तयार केलेले स्मृतिबिल्ले आणले. ते मैदानावर कधीच गेलेले नसल्याने बरेच संग्राहक नाक मुरडतात. मला ते पटत नाही.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरले आणि मेजर लीगमधल्या वर्णभेदाच्या भिंतीला खिंडार पडले. पन्नास वर्षांनी त्यांचा ४२ क्रमांक सर्वच संघांनी निवृत्त केला. अशा माणसाची जर्सी कापून वाटण्यापेक्षा प्रतिकृती बरी. मित्रांनो, अस्सल साधन आणि प्रतिकृती यांतला फरक सरांनी इतिहासाच्या तासाला शिकवलाच होता. साधन अखंड राहावे, आठवण मात्र घरोघरी जावी.