विटांचे नव्हे, समभागांचे घर

१/५ न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये दोन शयनगृहांचे ‘को-ऑप’ घर विक्रीस निघते, तेव्हा ग्राहक भिंती विकत घेत नाही. तो इमारतीची मालकी असलेल्या कंपनीचे समभाग घेतो आणि त्यांच्या बळावर तेथे राहण्याचा हक्क मिळवतो. आपल्या गृहनिर्माण संस्थांचे भागपत्र आठवावे.

२/५ एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने १९०९ पासून येथील शेतजमिनी घेतल्या. १९१७ मध्ये रेल्वे आली. भोवती इमारती, मधोमध सामायिक बाग अशी वसाहत उभी राहिली आणि काही वर्षांतच सदनिकांची सहकारी तत्त्वावर विक्री सुरू झाली.

३/५ परंतु सामायिक मालकीत शेजारी निवडण्याचा अधिकारही दडलेला असतो. येथे त्याच अधिकाराने ज्यू व कृष्णवर्णीय कुटुंबांना दशकानुदशके दार बंद ठेवले.

४/५ घरविक्रीत वंश वा धर्म पाहणे १९६८ च्या संघीय कायद्याने बेकायदा ठरवले. पुढे याच वस्तीत, ७४व्या रस्त्यावर, साड्यांची आणि दागिन्यांची भारतीय दुकाने थाटली गेली.

५/५ १९९३ मध्ये हा परिसर ऐतिहासिक म्हणून घोषित झाला. त्यामुळे इमारतींचे दर्शनी भाग जपले जातात. नाकारलेल्यांची नोंद मात्र विटांवर नसते. ती इतिहासकारालाच ठेवावी लागते.