शाळेची वाट : मुलं चालायची कधी थांबली?

जून महिन्यात, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, एक आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन ओपीडीत आले. आजोबा माझे बीपीचे जुने पेशंट. तक्रार नातवाची होती. दोन मजले चढला की दमतो आणि संध्याकाळी 'पाय दुखतात' म्हणतो. तपासलं. हृदय, फुप्फुसं, हिमोग्लोबिन सगळं ठीक होतं. वजन मात्र वयाच्या मानाने जास्त. मी विचारलं, "शाळा किती लांब आहे?"

"लांब कुठली डॉक्टर, चौकाच्या पलीकडेच. चालत बारा-पंधरा मिनिटं. पण सूनबाई ऑफिसला जाताना गाडीवर सोडते." मग जरा थांबून म्हणाले, "आम्ही कोसभर चालत जायचो शाळेला."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. हल्लीचे आईबाप आळशी झालेत, असा त्याचा रोख असतो. मला त्यावर मान डोलावता येत नाही, कारण माझी मुलगी लहान असताना तिची शाळा घरापासून जेमतेम ९०० मीटरवर होती आणि मी तिला चार वर्षं स्कूटरवरून सोडलं. तेही दिवसभर पेशंटना 'रोज चाला' असं लिहून देत असताना! आपण असं का वागलो, हे समजून घेण्यासाठी मी या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. त्यात आळसाचा भाग फारच थोडा निघाला.

सुरुवात १९५३ सालापासून करू, कारण त्या वर्षी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली आम्हा डॉक्टरांना माहीत असलेली. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. लंडनची दुमजली बस तुम्ही सिनेमात पाहिली असेल. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली. कंडक्टर एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. वस्ती, पगार, राहणीमान दोघांचं साधारण सारखंच, तरी हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला आणि झाला तरी कमी जीवघेणा ठरला. व्यायामशाळा नाही, खुराक नाही, रोजच्या कामातली हालचाल तेवढी वेगळी. आज मी तुम्हाला 'चाला' म्हणतो, त्यामागच्या पुराव्याची सुरुवात इथे झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसांसाठी कायदा केला. हातात काठीवर गोल पाटी धरून हा माणूस रस्त्यात उभा राहायचा आणि गाड्या थांबवायचा. पाटीच्या आकारावरून लोक त्याला 'लॉलीपॉप'वाला म्हणू लागले. रोजची साधी हालचाल हृदयाला जपते हे डॉक्टरांना कळत होतं आणि त्याच वेळी मुलांच्या रोजच्या साध्या चालण्याला पहारेकरी लागू लागला होता.

पुढे १९७१ मध्ये मेयर हिलमन या संशोधकाने इंग्लंडच्या पाच भागांतल्या मुलांना विचारलं, शाळेत कोणाबरोबर जाता? सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं कोणा मोठ्या माणसाशिवाय जात होती. १९९० मध्ये जॉन अ‍ॅडम्स आणि जॉन व्हाइटलेग यांना सोबत घेऊन हिलमननी त्याच भागांत पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं होतं. म्हणजे एकोणीस वर्षांत, एका पिढीच्या आत, मुलं रस्त्यावरून नाहीशी झाली. अमेरिकेतही हेच झालं. १९६९ मध्ये प्राथमिक-माध्यमिक वयाची ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलवर शाळेत जायची, २००९ मध्ये १३ टक्के.

इंग्लंडच्या आकडेवारीत एक कोडं होतं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. या काळात तिथली वाहतूक जवळजवळ दुप्पट झाली, तरी रस्त्यावर मरण पावणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून खाली आली. सरकारने निष्कर्ष काढला की रस्ते सुरक्षित झाले. हिलमन यांनी सांगितलं, रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलं तिथून काढून घेतली गेली आहेत. माझ्या भाषेत सांगायचं, तर तोल जाणाऱ्या वृद्ध पेशंटला आपण कॉटला बांधून ठेवलं की पडून खुबा मोडण्याचं प्रमाण शून्यावर येईल. त्याला कोणी उपचार म्हणणार नाही. बेडसोअर होतील, स्नायू झिजतील, माणूस खचेल, पण रजिस्टरमध्ये मात्र 'पडण्याच्या घटना शून्य'.

शिवाय हा रोग स्वतःच स्वतःला वाढवतो. रस्ता धोक्याचा वाटतो म्हणून मी मुलीला गाडीवर नेतो. माझ्या गाडीमुळे रस्ता पुढच्या मुलासाठी आणखी धोक्याचा होतो, मग त्याचे बाबाही गाडी काढतात. सकाळी शाळेच्या फाटकापाशी होणारी कोंडी आठवा. त्या कोंडीत बाहेरचं कोणी नसतं, सगळे आपणच पालक असतो.

मग मुलांना रस्ता ओलांडायचं नीट शिकवलं की झालं, असं वाटेल. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकात नेमका हाच प्रश्न हाती घेतला. लहान मूल रस्त्यावर काय पाहतं, काय ऐकतं, हे त्यांनी तपासलं. उंची कमी असल्याने उभ्या केलेल्या गाडीपलीकडचं त्याला दिसत नाही. आवाज ऐकू येतो, पण कुठल्या बाजूने आला ते पटकन उमगत नाही. नियम तोंडपाठ असतात, पण चेंडू सुटला की नियम विसरतात. हा हट्टीपणा किंवा बेशिस्त नव्हे, मेंदू अजून वाढतोय एवढाच त्याचा अर्थ. सँडेल्स यांचा निष्कर्ष असा की, लहान मुलांना कितीही शिकवलं तरी आधुनिक वाहतुकीत ती पूर्णपणे बसवता येणार नाहीत, वाहतूकच त्यांच्या मापाची करावी लागेल.

आजोबा कोसभर एकटे चालले, कारण त्यांच्या रस्त्यावर बैलगाड्या होत्या आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी. नातवाच्या चौकात ते चालणार नाही. त्याला बोट धरणारं कोणीतरी हवंच.

वाहतूक मुलांच्या मापाची करता येते का? नेदरलँड्समध्ये ती बऱ्याच अंशी केली गेली, पण त्याची किंमत मोठी होती. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं. त्यांतली एक फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता 'मुलांच्या हत्या थांबवा'. 'अपघात' हा शब्द त्यांनी मथळ्यात ठेवला नाही, हे लक्षात घ्या. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आईवडील मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले, गल्ल्या गाड्यांसाठी बंद करून मुलांना तिथे खेळू दिलं. डेल्फ्ट शहरात त्याआधीच काही गल्ल्या अशा बांधल्या होत्या की, तिथे गाडीला माणसाच्या चालीनेच जावं लागे. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याचं पाठबळ मिळालं. म्हणजे आज डच मुलं सायकलवर शाळेत जाताना दिसतात, ती काही त्यांची 'संस्कृती'च तशी म्हणून नव्हे. १९७१ चे डच रस्ते मुलांच्या बाबतीत आपल्यासारखेच निर्दय होते.

रस्ते बदलायला वर्षं लागतात. तोवर काय? ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंगविख्ट यांच्या नावावर एक साधी कल्पना आहे, 'चालती बस'. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. मुलं थांब्यावर येऊन रांगेत सामील होतात आणि पालक पाळीपाळीने सोबत जातात. इटलीच्या लेको गावात २००३ मध्ये अशी बस सुरू झाली आणि २००९ पर्यंत १७ मार्गांवरून सुमारे ४५० मुलं १० प्राथमिक शाळांत पायी जाऊ लागली. ब्रिटनमध्ये या रांगेच्या पुढच्या माणसाला 'ड्रायव्हर' म्हणतात आणि मागच्याला 'कंडक्टर'. मॉरिस यांना हे नक्की आवडलं असतं. इथे ड्रायव्हरसुद्धा चालतो!

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असायला हवी. हे अंतर चालणाऱ्या मुलाच्या पायाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमछाक होईलशी हालचाल सांगते. ९०० मीटर म्हणजे लहान मुलाची साधारण पंधरा मिनिटं. जाऊन-येऊन अर्धा तास, आणि मोठ्या माणसाच्या चालीला गाठताना त्याला भरभरच चालावं लागतं. निम्मा हिशेब इथेच झाला.

शाळा लांब असेल, तर गाडी शेवटचे पाच-सातशे मीटर अलीकडे उभी करा आणि उरलेलं चाला. शक्यतो मोठा रस्ता सोडून गल्लीतून जा, तिथे धूरही कमी असतो. मूल गाड्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि दप्तर तुम्ही घ्या. दमा असलेली बहुतेक मुलंही चालू शकतात, फक्त पंप बरोबर ठेवा आणि एकदा डॉक्टरांशी बोला. मात्र एकच पाय सतत दुखत असेल, मूल लंगडत असेल, सांधा सुजला असेल किंवा सोबत ताप असेल, तर 'चालायची सवय नाही' म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या.

आजोबा दिवाळीनंतर बीपी दाखवायला आले. जुलैपासून नातवाला तेच चालत सोडतात. सुरुवातीचे पंधरा दिवस मुलगा रोज रडत होता, मग सोसायटीतली आणखी दोन मुलं बरोबर येऊ लागली आणि रडणं थांबलं. वजन तेवढंच आहे, पण उंची वाढली आहे. पायांची तक्रार कमी झाली. आजोबांची तक्रार आता वेगळी आहे. चौकातला सिग्नल चालणाऱ्यांना इतका कमी वेळ देतो, की तीन मुलांना घेऊन मधोमध पोचेपर्यंत गाड्या सुटतात. त्यांनी वॉर्ड ऑफिसला दोनदा अर्ज दिला आहे. उत्तर आलेलं नाही. तिसऱ्या अर्जावर त्यांनी माझी सही घेतली, खाली 'एमडी' लिहायला लावून.