प्रमोदभावना आणि कार्यकर्ता : स्तवनिधी ते सातारा

कोणत्याही जिनमंदिराच्या वा धर्मशाळेच्या भिंतीवर दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी असते. ज्यांनी लक्ष्मीचा सद्विनियोग केला त्यांचे स्मरण राहावे, हा त्यामागील हेतू योग्यच होय. परंतु त्या वास्तूच्या पायाभरणीच्या दिवशी पहाटे पाणी भरणारा, महोत्सवात पंगती वाढणारा, मुनिसंघाच्या विहारात काठी घेऊन अनवाणी चालणारा, पाठशाळेत दर रविवारी मुलांना णमोकार मंत्र शिकवणारा तरुण त्या पाटीवर बहुधा नसतो. सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी संस्था मागे वळून पाहते, तेव्हा अशा कार्यकर्त्याची ओळख कशी ठेवावी, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे अतिशय बोधप्रद उत्तर सापडते. त्यात समाजाचे भूषण आहे, तशी एक चूकही आहे.

शास्त्राचा आधार

कार्यकर्त्याचा गौरव ही केवळ आधुनिक सभासमारंभांची प्रथा नव्हे. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या. त्यांपैकी प्रमोद म्हणजे आपल्याहून गुणाने अधिक असणाऱ्यास पाहून होणारा निर्मळ आनंद. सेवेला जैन परंपरेत ‘वैयावृत्य’ असे नाव असून सहा अंतरंग तपांमध्ये तिची गणना होते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची जी आठ अंगे वर्णिली आहेत, त्यांत निर्विचिकित्सा, स्थितिकरण, वात्सल्य आणि प्रभावना ही चार अंगे समाजजीवनाशी थेट निगडित आहेत. निर्विचिकित्सा म्हणजे देहाच्या बाह्य स्थितीवरून घृणा न बाळगणे. स्थितिकरण म्हणजे जो डळमळला वा बाजूस पडला, त्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे. वात्सल्य म्हणजे साधर्मी बांधवाविषयी निष्कपट प्रेम. सेवाभावी तरुणाची पारख करताना समाजाने हीच कसोटी वापरावयाची असते.

विशीतील नेतृत्व

सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज प्रामुख्याने शेतकरी. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा यांच्या काठच्या गावांत तो पाटीलकी व शेती करीत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात शिक्षितांचे प्रमाण अत्यल्प होते. अशा स्थितीत १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी या तीर्थक्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. पुढे हीच संस्था दक्षिण भारत जैन सभा या नावाने विख्यात झाली. तिच्या संस्थापकांतील अण्णासाहेब लठ्ठे यांचा जन्म १८७८ चा, म्हणजे सभा स्थापन झाली तेव्हा ते अवघ्या विशीत होते. कुरुंदवाडच्या या तरुणाच्या हाती ज्येष्ठांनी समाजाच्या शिक्षणाची दोरी दिली. त्याचे फळ सर्वांना दिसले. लठ्ठे पुढे राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक, कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. राजर्षी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले.

लठ्ठे यांचा आरंभीचा सन्मान शाल-श्रीफळाने झाला नव्हता. समाजाने त्यांना जबाबदारी दिली आणि त्यांच्यावर भिस्त ठेवली, हाच तो सन्मान होता.

वसतिगृहातील प्रसंग

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात विविध समाजांची विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली. त्यांत जैन बोर्डिंगही होते. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलास शहरात राहून शिकता येऊ लागले, ही त्या काळी मोठीच क्रांती होती. याच बोर्डिंगमध्ये भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी राहत होता. त्याचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे आजोळी झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. अभ्यासात तो फारसा चमकला नाही. अंगापिंडाने मात्र धिप्पाड, वृत्तीने निर्भय आणि अन्याय दिसताच उसळणारा, असा त्याचा स्वभाव होता.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेला. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यास सांगण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो हे त्याला मान्य नव्हते, म्हणून त्याने स्नानास नकार दिला. परिणामी त्यास बोर्डिंग सोडावे लागले. वसतिगृहाची सूत्रे तेव्हा लठ्ठे यांच्याकडे होती. या तरुणाला काही काळ आसरा मिळाला तो शाहू महाराजांच्या छत्राखाली.

आज हा प्रसंग वाचताना कोणावर दोषारोप करण्याचे कारण नाही. बोर्डिंगला शिस्त हवी होती आणि तत्कालीन रूढींचा पगडा सर्वच समाजांवर होता. तरीही एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. सम्यग्दर्शनाने युक्त असा मातंगकुळात जन्मलेला मनुष्यही देवतुल्य होय, असे रत्नकरंड श्रावकाचार सांगतो. त्या दिवशी शास्त्राचे निर्विचिकित्सा अंग त्या विद्यार्थ्याने पाळले होते. नियम पाळणाऱ्यांच्या नजरेतून मात्र ते निसटले. समाजाने आपल्या सर्वोत्तम सेवकास ओळखले नाही, आणि स्थितिकरणाची वेळ आली असता त्यास दाराबाहेर जाऊ दिले.

दूधगाव आणि डांबर प्रकरण

दुखावलेला तरुण समाजापासून कायमचा दुरावतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. भाऊरावांनी तसे केले नाही. १९१० मध्ये, वयाच्या तेविशीच्या आत, सहकाऱ्यांच्या साहाय्याने वारणाकाठच्या दूधगाव येथे त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र राहून शिकण्याची सोय केली. हा प्रयोग खेड्यात झाला आणि खेड्यातील तरुणांनीच केला. पुढील साऱ्या कार्याचे बीज तेथे रुजले.

१९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासण्याचे प्रकरण गाजले. त्यात लठ्ठे यांना गुंतवण्यासाठी साक्षीदार हवा होता. ज्याला लठ्ठे यांनी बोर्डिंगमधून काढले होते, त्या भाऊरावांवर खोट्या साक्षीसाठी दडपण आले. त्यांना कोठडी भोगावी लागली, छळ सोसावा लागला. तो असह्य होऊन त्यांनी प्राणत्यागाचाही प्रयत्न केला; परंतु असत्य साक्ष दिली नाही. जुने वैर उगवण्याची आयती संधी समोर असताना त्यांनी सत्याणुव्रत राखले. कार्यकर्त्याची खरी पारख कोणत्या क्षणी होते, याचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. त्या क्षणी टाळ्या वाजवणारी सभा समोर नव्हती.

वडाच्या पारंब्या

ओगले काचकारखाना, किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीच्या निमित्ताने भाऊराव गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ अज्ञानात आहे, हे महात्मा फुले यांचे निदान त्यांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. एका बोर्डिंगने ज्या कारणासाठी त्यांना बाहेर काढले, नेमक्या त्याच कारणासाठी त्यांनी दुसरे बोर्डिंग उभारले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत होती.

या वसतिगृहाचा भार ज्यांनी वाहिला, त्या लक्ष्मीबाई पाटील यांचे स्मरण केल्याविना हा इतिहास पुरा होत नाही. पारंपरिक धार्मिक वळणात वाढलेल्या या जैन स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे जेवू घातले. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने गेले, अखेरीस मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा संस्थेचा विस्तार अजून व्हावयाचा होता. हयातीत त्यांना कोणते मानपत्र मिळाले नाही. ‘रयतमाउली’ हे नाव रयत परिवाराने त्यांना दिले. गावोगावच्या महोत्सवांत स्वयंपाकघराच्या धुरात दिवस घालविणाऱ्या श्राविकांच्या वाट्याला आजही बहुधा हेच येते. त्यांच्या सेवेवर सोहळा उभा असतो आणि व्यासपीठावर त्यांच्यासाठी खुर्ची नसते.

तरुणांची पारख करण्याची भाऊरावांची रीत साधी होती. मुलाची जात वा घराणे न पाहता त्याची कष्टाची तयारी पाहावयाची, आणि ती दिसली की त्याच्यावर काम सोपवावयाचे. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेथे तयार झालेले तरुण शिक्षक दुर्गम वाड्यावस्त्यांवर गेले आणि पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा चालू झाल्या. १९४० मध्ये सातारा येथे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. कष्ट करून शिकण्याचा ‘कमवा व शिका’ हा संस्कार संस्थेत दृढ झाला. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले, संस्थेच्या कामात रमले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पारंबी जमिनीत रुजून स्वतःच खोड व्हावी, तसे हे झाले. संस्थेने वटवृक्ष हे बोधचिन्ह स्वीकारले, ते किती सार्थ होते हे यावरून ध्यानी येते.

कुंभोजच्या डोंगरावर

भाऊरावांच्या जन्मगावाजवळच्या बाहुबली डोंगरावर याच काळात दुसरे एक गुरुकुल उभे राहत होते. करमाळ्याच्या देवचंद शहा यांनी १९१८ मध्ये कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला होता. पुढे समंतभद्र महाराज म्हणून पूज्य झालेल्या याच विभूतीने १९३४ मध्ये बाहुबली येथे आश्रम सुरू केला. स्तवनिधी, एलोरा आदी ठिकाणीही गुरुकुले झाली. बाहुबलीची २८ फुटी मूर्ती १९६३ मध्ये प्रतिष्ठित झाली आणि तीर्थक्षेत्राचा लौकिक दूरवर पसरला. परंतु मूर्तीच्या आधी तेथे विद्यार्थी आले होते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. साताऱ्याचा मार्ग सर्व रयतेच्या शिक्षणाचा, बाहुबलीचा मार्ग धर्मसंस्काराचा. दोन्हींचा विश्वास मात्र एकच होता, की सोन्याहून तरुण माणूस मोलाचा.

उशिरा आलेला मान

जनतेने भाऊरावांना ‘कर्मवीर’ म्हटले. १९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी शाळा पुरी न केलेल्या माणसाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. ९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. मान आला तो आयुष्याच्या अगदी सायंकाळी.

जैन समाजानेही आपली चूक मनःपूर्वक दुरुस्त केली. ज्या सभेच्या धुरीणांच्या वसतिगृहातून तो विद्यार्थी बाहेर पडला होता, त्याच सभेने आपला समाजसेवा पुरस्कार कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने द्यावयास आरंभ केला. समाजाने केलेले हे एक प्रायश्चित्तच म्हणावे लागेल, आणि प्रायश्चित्त हे अंतरंग तपांतील पहिले तप आहे. सभेच्या छायेत वाढलेल्या वीर सेवा दलाच्या तरुणांनी गावोगावच्या पाठशाळा आणि महोत्सवांची व्यवस्था सांभाळून सेवेची ती परंपरा पुढे नेली.

सुवर्णमहोत्सवाचा बोध

लहान गावात सर्वजण एकमेकांस ओळखतात, म्हणून सत्कार करणे सोपे वाटते. वस्तुतः तेथेच ते अवघड असते. भाऊबंदकी, घराण्यांचा मान, देणगीचा आकडा यांच्या गर्दीत शांतपणे राबणारा मागे पडतो. प्रश्न विचारणारा तरुण उद्धट ठरतो. १९०८ चा प्रसंग सांगतो की असा तरुण कदाचित सर्वांत मोठा सेवक असू शकेल. १९१४ चा प्रसंग सांगतो की माणसाचे मोल त्याच्या सत्यनिष्ठेवरून करावे. लक्ष्मीबाईंचे जीवन सांगते की स्वयंपाकघरातील सेवाही व्यासपीठाइतकीच वंदनीय आहे, आणि तिचा गौरव हयातीतच झाला पाहिजे. १८९९ चे स्तवनिधी सांगते की विशीतील माणसाच्या हाती कारभार दिल्याने संस्था बुडत नाही, ती वाढते.

शाल काही दिवसांत कपाटात जाते, मानचिन्हावर धूळ साचते. विश्वासाने सोपविलेली जबाबदारी मात्र माणसाला घडवते. विश्वस्त मंडळात तरुण श्रावक-श्राविकांना स्थान देणे, पाठशाळेची सूत्रे त्यांच्या स्वाधीन करणे, त्यांच्या हातून चूक झाली तर स्थितिकरणाच्या भावनेने त्यांना सावरणे, हाच सुवर्णमहोत्सवास साजेसा सत्कार ठरेल. शताब्दीच्या वर्षी या संस्थेचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्यातील कर्ती माणसे आज पंगतीत वाढणाऱ्या मुलामुलींतूनच आलेली असतील. त्यांना आज ओळखणे, हीच खरी प्रमोदभावना होय.