कुत्रा कुणाचंच ऐकत नाही? आधी घरातले नियम एक करा

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत रानडुकरं शिरली की भुंकणारा कुत्रा हवाच असतो. पण तोच कुत्रा पाहुण्यांच्या अंगावर धावला की ‘बिघडला’ ठरतो. बहुतेकदा गोंधळ माणसांचा असतो.

असं का होतं?

जेवताना बाबा हाकलतात, आजी हळूच पोळीचा तुकडा टाकते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सगळ्यात चिवट असते. दहातून एकदा मिळालं, तरी कुत्रा दहाही वेळा मागतो.

काय करायचं?

• एका कामाला एकच शब्द. ‘बस’ ठरलं, तर घरातल्या सगळ्यांनी ‘बस’च म्हणायचं.

• अंगावर उडी मारली की पाठ फिरवा. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाऊ द्या. उशिरा दिला, तर तो कशासाठी मिळाला हे त्याला कळत नाही.

• सराव रोज दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं.

• दुर्लक्ष सुरू केलं की सुरुवातीला भुंकणं वाढतं. तेव्हा हार मानली, तर ‘जास्त भुंकलं की मिळतं’ हेच तो शिकतो.

• मारू नका. माराच्या भीतीने गुरगुरणं थांबेल, पण भीती जात नाही. मग कुत्रा इशारा न देताच चावू शकतो.

डॉक्टरकडे कधी जायचं?

स्वभाव अचानक बदलला, तर दुखणं असू शकतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. कुणाला चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.