करवीरचा हुकूम आणि आम्ही

दिनांक २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. श्रीमच्छत्रपती शाहू महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, ज्या खात्यात हे प्रमाण नसेल तेथील पुढची नेमणूक त्याच वर्गांतून व्हावी आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीस तक्ता पाठवावा, असा त्याचा आशय होता. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले लोक वगळून बाकीचे सर्व मागासलेले, ही व्याख्याही त्यातच होती. तक्त्याचे कलम आम्हांस विशेष वाटते. चांगला हुकूम कचेरीच्या दप्तरात कसा निजून राहतो, हे महाराज जाणून होते.

महाराजांनी १८९४ साली राज्यसूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९१२ पर्यंत हे प्रमाण ९५ पैकी ३५ वर आले.

हे सहजासहजी घडले नाही. जात पाहून जागा दिल्यास कारभार बिघडेल, हा आक्षेप तेव्हाही होताच. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी तो घेतला, तेव्हा महाराजांनी त्यांस पागेत नेले, तोबऱ्यातील चंदी जाजमावर ओतवून सारी घोडी मोकळी सोडविली आणि दांडग्या घोड्यांनी फडशा पाडीत असता अशक्त शिंगरे दूर उभी राहिलेली दाखविली, अशी कथा सांगतात. ती आपल्या मंडळींस तोंडपाठ आहे.

त्याच पागेची दुसरी हकीकत मात्र आपण सांगत नाही. तेथील अस्पृश्य नोकर गंगाराम कांबळे यांनी मराठा नोकरांच्या हौदातील पाणी घेतले म्हणून त्यांस सोबतच्या नोकरांनी बेदम मारले. पुढे महाराजांच्या साह्याने त्यांनी हॉटेल काढले. तेथे गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा घेऊ लागले. ज्ञातिबांधवहो, मारणारे हात पुढारलेल्यांचे नव्हते. हुकुमाच्या व्याख्येप्रमाणे ते मागासलेल्यांतच मोडत होते!

आणि आपणही मोडत होतो. १९५० सालच्या घटनेतील कलम १६(४) किंवा १९९२ सालचा इंद्रा सहानी खटल्याचा निकाल यांवर आपल्या सभांत तासन् तास चर्चा होते. महाराजांनी ‘निदान’ म्हणून घातलेला ५० चा आकडा त्या निकालाने कमाल मर्यादा म्हणून आला, याची हळहळही होते. आपला वाटा कमी पडला की हक्काची भाषा आपणांस चांगली येते. पण गेल्या वार्षिक सभेत एका सन्मान्य सभासदांनी आपल्या कचेरीतील दलित सहकाऱ्याचा उल्लेख ‘तो कोट्यातला’ एवढाच केला. सभेत हशा पिकला. व्यासपीठावर आम्ही सातजण बसलो होतो. त्यांस थांबविण्यास आमच्यातील एकही उठला नाही.