दरबारी माणूस आणि सत्याची वेळ

राजदूताचं चरित्र म्हटलं की आपल्यासमोर तह-करारांची जंत्री येते. आज आपण ते एका प्रश्नाच्या अंगाने पाहू. धन्याच्या कृपेवर जगणाऱ्या माणसाला धन्याशी खरं बोलता येतं का?

हा प्रश्न ग्रंथात मांडणारा आणि पुढे स्वतःच त्याला सामोरा गेलेला माणूस म्हणजे बाल्दास्सारे कास्तिल्योने. जन्म १४७८ चा, इटलीतल्या मांतुआजवळचा. घराणं उमरावाचं, आई तिथल्या सत्ताधारी गोंझागा कुळातली. १५०४ मध्ये तो उर्बिनोच्या ड्यूकच्या सेवेत गेला आणि १५०६ मध्ये ड्यूकच्या वतीने इंग्लंडच्या सातव्या हेन्रीकडे. पेशवाईत ज्याला ‘वकील’ म्हणत, तेच हे काम.

त्याचा ‘दरबारी’ हा ग्रंथ म्हणजे १५०७ सालच्या चार रात्रींचा संवाद. आदर्श दरबारी कसा असावा, यावर उर्बिनोच्या महालात चर्चा चालते. लेखक म्हणतो, तेव्हा मी इंग्लंडात होतो. प्रत्यक्षात तो तोवर परतला होता, असं अभ्यासक मानतात. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे प्लेटो आठवेल. सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवसाचं वर्णन करणाऱ्या ‘फीडो’त प्लेटो आजारी म्हणून गैरहजर आहे!

पहिल्या तीन रात्री शस्त्रविद्या, संगीत, संभाषण यांवर बोलणं होतं. कष्टाने कमावलेलं कौशल्य सहज वाटलं पाहिजे, हा गाजलेला विचारही तिथलाच. चौथ्या रात्री ओत्ताव्यानो फ्रेगोसो विचारतो, हे सगळं कशासाठी? उत्तरही तोच देतो: राजाची मर्जी संपादन करायची ती एवढ्याचसाठी, की त्याला निर्भयपणे सत्य सांगता यावं. म्हणजे बघा, गोड बोलणं हे साधन झालं आणि खरं बोलणं हे साध्य.

ग्रंथात हे सोपं आहे. १५२४ मध्ये पोप सातव्या क्लेमेंटने त्याला सम्राट पाचव्या चार्ल्सकडे दूत म्हणून नेमलं. दूताने स्पेनमध्ये सम्राटाचा विश्वास जपायचा, आणि १५२६ मध्ये पोपने मात्र त्याच सम्राटाविरुद्ध फ्रान्सशी हातमिळवणी करायची! धन्याचं धोरणच दुटप्पी असेल तर वकिलाने शब्द द्यायचा तरी कशाच्या जोरावर?

६ मे १५२७ रोजी पगार थकलेलं, बेभान झालेलं शाही सैन्य रोममध्ये घुसलं. नगर लुटलं गेलं आणि पोप सांत आंजेलोच्या किल्ल्यात अडकला. पोपला वाटलं, दूताने वेळीच इशारा का दिला नाही? संशय कास्तिल्योनेवर आला.

डिसेंबर १५२७ मध्ये बुर्गोसहून त्याने पोपला पत्र लिहिलं. या अनर्थाचं मूळ आपल्याच धोरणातल्या धरसोडीत आहे, असा त्याचा आशय. संशयित नोकराने धन्याला हे लिहायचं, म्हणजे केवढं धाडस! पण पोपचा रोष निवळला. काही महिन्यांतच, १५२८ साली, व्हेनिसमध्ये ‘दरबारी’ छापून आला. चौथ्या रात्रीचं उत्तर वाचकांच्या हाती पडलं, तेव्हा लेखकाची परीक्षा आधीच होऊन गेली होती. १५२९ च्या फेब्रुवारीत तोलेदोत तो वारला.

त्या पत्राने रोम वाचलं नाही; ते आधीच लुटलं गेलं होतं. सत्य सांगितल्याने इतिहास बदलतोच असं नाही. मग सांगायचं कशाला? मला वाटतं, मर्जी मिळवण्यात घालवलेल्या आयुष्याला अर्थ येतो तो त्या एका पत्रामुळे. ते लिहिलं नसतं, तर उरला असता फक्त एक कुशल हुजऱ्या.