घरगुती हवामानयंत्र : वायुदाब, चंद्रकला व भरती-ओहोटी
घरगुती हवामानयंत्राच्या पडद्यावर ही तिन्ही वाचने शेजारीशेजारी दिसतात. पण त्यांपैकी प्रत्यक्ष मोजलेला असतो तो फक्त वायुदाब. चंद्रकला यंत्र तारखेवरून काढते आणि भरतीचा जोर त्या कलेवरून अंदाजते. म्हणून बहुतेक यंत्रे भरती ‘जास्त, मध्यम, कमी’ एवढीच दाखवतात. मग हे वाचन निरुपयोगीच, असा आक्षेप येतो. तो पुरता खरा नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात (चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास). तोही चंद्रावरूनच बांधलेला अंदाज. मात्र तो आडाखा त्या किनाऱ्यावर पारखलेला आहे. यंत्राला खाडीची ठेवण ठाऊक नसते. होडी काढायची तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-कोष्टकेच पाहावीत.

दाब मोजलेला असला, तरी फसवतो. पुणे सुमारे ५६० मी. उंचीवर असल्याने तेथे खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास भरतो. समुद्रसपाटीला रूपांतरित न करता वाचला, तर रोजच चक्रीवादळ! शिवाय ‘दाब उतरला की पाऊस’ हा ठोकताळा समशीतोष्ण प्रदेशातला. आपल्याकडे दाब सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो, दुपारी व पहाटे चारच्या सुमारास उतरतो. दिवसातला फरक ३-४ हेक्टोपास्कलही असतो. त्यामुळे निरभ्र दुपारीही पडद्यावर ढग उमटू शकतो. आजच्या आकड्याची तुलना काल त्याच वेळच्या आकड्याशी करावी. हवामानशास्त्रज्ञही चोवीस तासांतला बदल पाहतात, तो याचसाठी.